दम धरा

फरवानियाच्या सरकारी इस्पितळात,
क्ष-किरणाच्या तीन नंबर खोलीत,
मला चार भाषांतून माणसाचा श्वास थांबवता येतो.
खुद नफस. इक्तिम. तनफ्फस.
श्वासम एडुक्कू. पिडिक्कू. विडू.
श्वाश नीन, धोरे राखुन, छाडुन.
चौथी हिंदी, तिच्यावर अर्ध्या रांगेचं भागतं.
अकरा वर्षं झाली,
मराठीची गरज पडली नव्हती.

आज बाहेर धुळीचं वादळ.
संध्याकाळपासून दम्याची माणसं येतायत
पापण्यांवर पिठासारखी वाळू घेऊन.
एका कुवेती आजीनं आतल्या खोलीत जाताना
हातातल्या बारा बांगड्या उतरवल्या
आणि सोबतच्या श्रीलंकन मुलीच्या मनगटात सरकवल्या.
चार मिनिटं ती मुलगी
हात अधांतरी धरून बसली,
वाजू नयेत म्हणून.

पावणेदोनला स्ट्रेचर आलं.
परांचीवरून पडलेला माणूस. बरगड्या बघायच्या, छातीही.
पडद्यावर नाव: शनतरम कोताद.
मी त्याला उभा केला,
हनुवटी वर, खांदे पुढे,
देवळातल्या खांबाला मिठी मारावी
तसा तो प्लेटला चिकटला.
गळ्यातला काळा दोरा काढून मी ट्रेमध्ये ठेवला.
काचेच्या या बाजूला येऊन म्हटलं, खुद नफस.
काही नाही.
सांस लो, रोको.
काही नाही.
फक्त प्लेटला कपाळ टेकून कळवळत म्हणाला,
"आयशीच्या गावात."

मग मी कोणत्या भाषेत बोलावं?
श्वास घ्या, म्हटलं. तो घेतला त्यानं.
रोखून धरा, असं पाठ्यपुस्तकात असतं,
पण माझ्या तोंडून भलतंच आलं:
दम धरा.

वीज गेली की आई म्हणायची, दम धर.
भात शिजेना, दम धर.
व्हिसाच्या एजंटानं तर सात महिने तेवढंच सांगितलं.
इतका वापरलेला शब्द,
त्यात खरोखरचा दम आहे
हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

त्यानं धरला.
मी बटण दाबलं.

फुप्फुसं काळी दिसली की ठीक,
आत हवा आहे असा त्याचा अर्थ.
डाव्या बाजूची सातवी, आठवी बरगडी मोडलेली,
ते तर कुणालाही दिसलं असतं.
पण उजवीकडे, वर, हाडाच्या आडोशाला
खडूचं बोट पुसल्यासारखं काहीतरी.
ह्याला सावली म्हणतात,
आणि ती पांढरी असते.
जुनी असेल. नवी असेल.
इथं तिचा कागद होतो,
कागदाचं विमान होतं,
आणि माणूस महिन्याभरात मुंबईला उतरतो,
कर्ज तसंच.

"बाय... सोडू काय?"

मी सोडा म्हणायला विसरले होते.
तो तसाच उभा, मान लाल,
मोडक्या बरगड्यांवर छातीभर हवा तोलून,
मी सांगितलं म्हणून.

सोडा, सोडा हो.

शर्ट घालायला मी मदत केली.
लांज्याकडचा. परांचीवर दोन वर्षं.
त्याआधी दगडाच्या खाणीत, तिकडेच, गावाजवळ.
मी विचारलं नव्हतं.
"काय गावला काय आत?"
बरगड्या, म्हटलं. दोन. जुळतात त्या.
"आनि?"
निदान डॉक्टर करतात, मी फक्त फोटो काढते.
हे वाक्य मला पाचही भाषांत येतं.

तो काळा दोरा एका हातानं बांधू बघत होता.
मी गाठ मारली. घट्ट झाली बहुतेक.

स्ट्रेचर गेल्यावर फोटो वर पाठवायचा असतो.
कोपऱ्यात शिशाचा 'आर' उमटलेला,
खाली माझी आद्याक्षरं.
पाठवण्याआधी नाव तेवढं दुरुस्त केलं,
शांताराम सोनू गोताड,
एकेक अक्षर बघून.
निदान नाव तरी.

बाहेर पुढचा नंबर पुकारला.
खोकत कुणीतरी आत आलं,
आणि चेहऱ्यावरून
कुठल्या भाषेतला श्वास असेल
ते मला लगेच ठरवता येईना.